जेवणाआधीची प्रार्थना

माझे यजमान संघपाल शहापूरच्या प्रार्थनाघरात पास्टर आहेत. रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या बायाबाईनं त्यांना विचारलं, "माहा पोरगा बाप्तिस्मा न घेताच गेला. त्याचं तारण होईन का?"

"नाही," ते म्हणाले. "बायबलचं वचन साफ आहे." भाजीचा भाव सांगावा तसं.

ती चपला घालून निघून गेली.

दुपारी ताटावर बसून त्यांनी रोजच्यासारखी घरच्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना केली. त्यात माझ्या सासऱ्यांचंही नाव होतं. सासरे मागच्या वर्षी गेले, शेवटपर्यंत बौद्धच होते.

वरण वाढता वाढता मी विचारलं, "बाबासाठी आता कायले मांगता?"

ते म्हणाले, "देवानं मले अजून 'नाही' म्हटलं नाही."

"मंग बायाबाईले तुमी 'नाही' कसं म्हटलं?"