कंदिलाची काच

भाच्याने दिव्यांचं दुकान काढलं, पण त्याला दुकान म्हटलेलं खपत नसे. 'प्रकाश अनुभव केंद्र' म्हणायचं. आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कसला अनुभव? बटण दाबलं की दिवा लागतो, हाच ना?" भाचा हसला होता. आत्याच्या बोलण्यावर हसून पुढे जायचं, हे त्या घरात सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं.

आज उद्घाटन होतं आणि आत्या इस्त्रीचे कपडे घालून वेळेआधी हजर होती. कारण दादाने फोन केला होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, भाच्याचा बाप, निवृत्त मोठा इंजिनिअर. "भाषणात तुझा उल्लेख करणार आहे," तो म्हणाला होता. आत्या "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून तिने कपडे इस्त्रीला काढले. उभ्या जन्मात दादाने तिचा उल्लेख केला नव्हता. स्वतःचा मात्र पोटभर केला होता.

दादाचं एक ठरलेलं वाक्य होतं: "मी कंदिलाच्या उजेडात शिकलो." लग्नात, बारशात, नातवाला कमी मार्क पडले की, शेजारी गच्चीवर भेटला की, हे वाक्य यायचंच. ऐकणारे माना डोलवायचे. हा कंदील रोज लखलखीत कोण करून ठेवत होतं, हे विचारायची बुद्धी आजवर एकालाही झाली नव्हती. कंदिलाची काच अरुंद असते. मोठ्या माणसाचा हात तिच्यात जात नाही, म्हणून घरातली धाकटी मुलगी हाताशी धरायची. धाकटीने राख घ्यायची, चिंधी घ्यायची, आत हात घालून काजळी काढायची. एकदा काच हातातच फुटली. आत्याच्या मनगटावर त्याचा व्रण अजून आहे. तेव्हा घरच्यांनी आधी विचारलं, "दुसरी काच आहे का घरात?"

दिवस मावळला की कंदील दादाच्या पुस्तकापाशी. आत्याची पाटी उजेडाच्या कडेला, आणि दादा पान उलटायला पुढे वाकला की त्याची सावली थेट तिच्या पाटीवर. दिवसा घरकाम, संध्याकाळी सावली. अभ्यास कधी पुरा होईना. मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला, मग शाळाच सुटली. घरात कुणी हळहळलं नाही. उलट तेल वाचतं म्हणाले.

पुढे वीज आली. तोवर आत्या सासरी गेली होती. तिथे स्वयंपाकघरात पहिला बल्ब लागला तेव्हा सासूने आधी जळमटं पाहिली आणि मग सुनेकडे. नवऱ्याच्या गिरणीत दिवे आले तशी रात्रपाळीही आली. जेवणाच्या वेळा गेल्या, झोपेचं खोबरं झालं. म्हणजे विजेचेही पोवाडे गायचं आत्याला कारण नव्हतं. पण काच पुसावी लागत नाही, एवढ्या एका गुणावर तिने विजेचे शंभर अपराध पोटात घातले होते. तिच्या घरात खोलीखोलीत ट्यूब. "आत्या, मैदान आहे की घर?" भाचा विचारायचा. ती म्हणायची, "अंधारात बसायची हौस मी लहानपणीच फेडून घेतली."

या अनुभव केंद्रात एका भिंतीवर उजेडाचा इतिहास मांडला होता. मशाल, तेलाचा दिवा, मेणबत्ती, कंदील, गॅसबत्ती, बल्ब, ट्यूब. आणि शेवटी भाच्याची स्वतःची अक्कल: विजेवर चालणारा, आपोआप फडफडणारा कंदील! माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळे फोडून ती फडफड घालवली होती आणि या शहाण्याने ती परत आणून विकायला ठेवली होती. खाली पाटी: 'मंद प्रकाश माणसांना जवळ आणतो.' आत्याने ती वाचली आणि नाक मुरडलं. जवळ कोण होतं आणि कडेला कोण, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मंचावर घरातला खरा कंदील ठेवला होता. त्याच्या बाजूच्या स्टुलावर आत्याला बसवलं. "फोटोत जुन्या काळाचं वातावरण येतं," भाचा म्हणाला.

दादा माइकसमोर उभा राहिला. आत्याने पदर सारखा केला. दादाने आईचे आभार मानले, मास्तरांचे मानले. कंदील ज्याच्या दुकानातून आला त्या वाण्याची आठवण काढली. पायाशी झोपणाऱ्या मांजराचीही काढली, आणि लोक हसले. मग टाळ्या झाल्या. भाषण संपलं होतं. या वयातही आपण या माणसाच्या शब्दावर विसंबलो, याचा आत्याला भयंकर राग आला.

"आता सर त्यांचा तोच कंदील पेटवतील!" निवेदिका चिरकली. केंद्रातले सगळे दिवे घालवले. दादाने काडी ओढली. कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या या माणसाने कंदील जन्मात पेटवला नव्हता. त्याने वात सरळ वरपर्यंत चढवली. ज्योत भडकली, धूर झाला आणि बघता बघता सगळी काच काळी पडली. दादाने घाईने फुंकर मारली, रुमालात धरून काच उपसून काढली आणि मान न वळवता, हात नुसता बाजूला केला.

"धर गं. पुसून आण."

माइक चालूच होता. अंधारात ते शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेलं. दादाने केलेला तिचा उल्लेख तो एवढाच.

"लाइट लावा रे!" भाचा ओरडला. भाच्याचे सगळे दिवे एकदम पेटले. त्या लख्ख उजेडात दादाचा हात तसाच पुढे होता, आणि तो कुणापुढे धरलाय हे सगळ्यांना दिसत होतं.

आत्याने आपले दोन्ही हात पाहिले, सुजलेल्या सांध्यांचे, मनगटावर व्रण असलेले. मग ते मांडीवर ठेवले.

"माझा हात आता तिच्यात जात नाही, दादा," ती म्हणाली. "तू घालून बघ."