बहिरूचा चौकटीतला बायोडाटा

मित्रांनो, मी एक जुना बायोडाटा आहे. जुना म्हणजे गेल्या दिवाळीनंतरचा. पण आम्हा बायोडाटांना आठ महिन्यांत म्हातारपण येते. त्यातून मी दिसायला देखणा होतो, आणि माझे सगळे दुःख त्या देखणेपणातच आहे.

माझा मालक बहिरू. नाशिकजवळच्या एका खडीच्या खाणीत तो एकोणीस वर्षे सुरुंग लावायचा. त्याचे सरकारी प्रमाणपत्रही त्याच्याकडे होते. वात पेटवण्याआधी तो खाणीला पूर्ण फेरी मारायचा, शिट्टी वाजवायचा आणि लांब जाऊन उभ्या राहिलेल्या माणसांची डोकी मोजायचा. एक डोके कमी भरले तर वातीला हात लावायचा नाही. दसऱ्याला ती खाण बंद झाली, कारण खाली दगडच उरला नव्हता. बहिरूला दुसरे काम येत नव्हते. तेवढ्यात विदर्भातल्या एका मोठ्या खाण कंपनीची जाहिरात त्याच्या मोबाइलवर आली. सुरुंगाचा अनुभव हवा, वय पंचेचाळीसच्या आत हवे, अर्ज ऑनलाइन. बहिरू सगळ्यात बसत होता.

माझा जन्म नाशिक रोडला, सुवर्णाताईंच्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. त्या दुकानात लग्नाचे बायोडाटे फार छान निघतात.

"भाऊ, साधा काढू का चौकटीचा?" त्यांनी विचारले.

"चांगला काढा ताई. मोठी कंपनी हाय," बहिरू म्हणाला.

झाले! माझ्या डोक्यावर गणपती आला, चारी बाजूंनी वेलबुट्टीची चौकट आली. खाली उंची, रास, रक्तगट. जन्मतारीख एक जून. ती गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली. बहिरूची आई नवसाबाई सांगते, पोरगं दिवाळीनंतरच्या थंडीत झालं. पण कागदावर एक जून, म्हणून माझ्यावरही एक जून. मधोमध सुवर्णाताईंनी खाणीच्या शेठने दिलेल्या अनुभवाच्या पत्राचा आणि प्रमाणपत्राचा फोटो चिकटवला. मी एवढा सुंदर झालो की दुकानातली दोन माणसे मला बघायला वाकली. मला फार अभिमान वाटला होता हो!

बहिरूने माझी एक प्रत देव्हाऱ्यात ठेवली आणि मोबाइलमधून मला कंपनीकडे पाठवले. दोन मिनिटांत उत्तर आले, अर्ज पुढे नेता येत नाही.

"वाचलं तरी लवकर," बहिरू म्हणाला. त्याला त्याचेही कौतुक वाटले.

मग त्याने मला दुसरीकडे पाठवले, तिसरीकडे पाठवले. मेपर्यंत चौदा ठिकाणी मी गेलो आणि चौदा ठिकाणांहून हात हलवत परत आलो. दर वेळी तेच दोन मिनिटांचे उत्तर. बहिरू हळूहळू बोलेनासा झाला. आपल्यातच काहीतरी कमी आहे, असे त्याने मनाशी धरले. कमी त्याच्यात नव्हते, माझ्यात होते. पण मला तरी कुठे ठाऊक होते?

ते कळले जूनमध्ये. बहिरूची मुलगी हर्षाली डिप्लोमाची परीक्षा संपवून होस्टेलवरून घरी आली. तिने मला उघडले आणि कपाळाला हात लावला. पहिली चाळणी माणूस नाही, मशीन लावते, हे तिला कॉलेजात शिकवले होते. तिने माझ्यातली सगळी अक्षरे उचलून कोऱ्या पानावर ठेवली. काय आले? गणपतीचे नाव, जन्मतारीख, उंची, रास, रक्तगट, फोन नंबर. एकोणीस वर्षांचे काम फोटोत होते, आणि त्या मशीनला फोटो वाचता येत नव्हता. सुरुंग हा शब्दही तिथे नव्हता.

त्याच कंपनीची जाहिरात पुन्हा आली होती. हर्षालीने नवा बायोडाटा लिहायला घेतला. चौकट नाही, फोटो नाही, रास नाही, जन्मतारीखही नाही. जाहिरातीत कामाला जे शब्द होते, तेच शब्द, ओळीखाली ओळ. मध्येच ती थांबली.

"पप्पा, तुमच्या सुरुंगात कोणाला लागलं का कधी?"

"नाय."

"एकोणीस वर्षांत एकदाही नाही?"

"मोजून मागं सारतो ना समद्यांना."

हर्षालीने डोळे पुसले आणि ते लिहिले. मित्रांनो, माझ्यावर रक्तगट होता, रास होती. एवढी मोठी गोष्ट मात्र नव्हती.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. हर्षालीने स्पीकर लावला.

"अनुभव एकदम चांगला आहे तुमचा. असाच माणूस हवाय," साहेब म्हणाले. "जन्मतारीख सांगा."

बहिरूने सांगितली.

"अहो, एक तारखेला पंचेचाळीस पूर्ण झाली की तुमची. दिवाळीनंतरही जाहिरात होती आमची. तेव्हा का नाही केला अर्ज?"

"केला व्हता साहेब."

"माझ्यापर्यंत आला नाही."

"साहेब, ती तारीख गुरुजींनी घातलेली. मी दिवाळीनंतरचा हाय. विचारा माझ्या आईला."

"कागदावरचं धरावं लागतं हो," साहेब म्हणाले. त्यांचाही आवाज पडला होता.

आता बहिरू लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या चढवतो. ट्रक मागे घ्यायची वेळ आली की तो आधी मागची माणसे मोजतो. बाकीचे हसतात.

मित्रांनो, कोणाच्या कामाचा कागद कराल तेव्हा त्याला नटवू नका. आधी त्या माणसाला शेजारी बसवा आणि तो काय करतो ते विचारा. ते साध्या अक्षरांत लिहा, आणि पाठवण्याआधी कोणा जाणत्याला दाखवा.

माझ्यावर गणपती आहे म्हणून मला कोणी टाकून देत नाही. मी देव्हाऱ्यातच आहे. नवसाबाई रोज मला हळदकुंकू वाहते, आणि लासलगावला निघण्याआधी बहिरू माझ्यासमोर हात जोडतो. तेवढे मात्र मला बघवत नाही.