तिसऱ्या सिलिंडरची डेक हाइट

तिसऱ्या सिलिंडरचे चारही नट मिस्त्रीने बोटांनी नुसते टेकवले, पाना जागेवर टांगून ठेवला आणि हाक मारली.

"छबू, वाच गं."

ही गाडी अजून महिनाभर उभी राहिली, तर मिस्त्रीच्या पदरात बरंच काही राहणार होतं. पहिलं म्हणजे छबूचे डोळे. धाकट्या बहिणीचे हे डोळे गेली एकोणीस वर्षं त्याच्यासाठी गेजवरचे बारीक आकडे वाचत आले होते. दुसरं, तिच्या हातचा चहा. तिसरं, आणि सगळ्यांत मोलाचं, तिच्याशी दिवसातून चार वेळा होणारं भांडण. गाडी सुरू झाली की हे सगळं एका फटक्यात जाणार होतं. कारण गाडी घड्याळजीची होती, आणि त्याने जाहीर करून टाकलं होतं: लग्न करायचं आणि नवरीला याच गाडीतून घरी न्यायचं.

घड्याळजी दोन तासांच्या अंतरावर घड्याळं दुरुस्त करायचा. एंजिनाची चौकशी करायला म्हणून तो पहिल्यांदा आला. तिसऱ्या खेपेनंतर एंजिनाची चौकशी बंद झाली, येणं मात्र वाढलं. बावन्नाव्या वर्षी छबू ओठांतल्या ओठांत गाणी म्हणू लागली, तेव्हा मिस्त्रीला काय ते कळलं.

छबूने डायल गेजवर मान वाकवली.

"एक पॉइंट अडतीस."

"बघ, परत जास्त."

"काल तर एक पॉइंट एकतीस होतं."

"धातू आहे तो. हवामानाने बदलतो."

"हवामानाने एकट्या तिसऱ्यालाच धरलंय वाटतं. बाकीचे तिघे एक पॉइंट पंधराला ठणठणीत आहेत."

"लेथवाल्याला अजून पातळ शिम करायला सांगतो."

"चौथी?"

"चौथी तर चौथी. घाई कुणाला आहे?"

छबूने वहीत आकडा लिहिला, आणि लिहिताना तिची नजर टांगलेल्या पान्यावर क्षणभर जास्तच रेंगाळली.

पिस्टन अगदी वर आला की त्याचं डोकं सिलिंडरच्या काठापासून जेवढे मिलिमीटर खाली राहतं, ती डेक हाइट. चारही सिलिंडरांत ती सारखी हवी. कमी पडली तर पिस्टन हेडवर आपटतो, जास्त झाली तर एंजिन आळशी होतं. सिलिंडरच्या बुडाशी कागदासारख्या पातळ कड्या, म्हणजे शिम, घालून किंवा काढून ती जुळवायची. पण मापताना सिलिंडर नटांनी आवळलेला हवा, नाहीतर तो किंचित वर उचलला जातो आणि गेज खोटं बोलतं. मिस्त्री हे चाळीस वर्षं लोकांना शिकवत आला होता. गेले तीन आठवडे त्याला ते आठवत नव्हतं, इतकंच.

शनिवारी दुपारी तो लेथवाल्याकडून परतला, तेव्हा छबू शिडीवर उभी होती. भिंतीवर सुट्या भागांचे साठ खण होते. ती प्रत्येक खणावर पांढऱ्या रंगाने आकडे काढत होती. हे एवढे मोठे, आंधळ्याला दिसावेत असे.

"हे काय?"

"तुझ्यासाठी. मी नसले तर नटाच्या ठिकाणी वॉशर लावत बसशील."

"मला दिसतं चांगलं."

"हो का? मग हातात काय आहे तुझ्या?"

मिस्त्रीने हातातली पिशवी चाचपली. शिम लेथवाल्याच्या टेबलावरच राहिली होती, पिशवीत लेथवाल्याचा चष्मा आला होता. छबू शिडीवर हसून हसून इतकी डोलली की त्याला शिडी धरावी लागली. तोही हसला. मग बराच वेळ शिडी धरून तसाच उभा राहिला.

रविवारी सकाळी ती आंघोळीला गेल्यावर त्याने तिसऱ्याखाली पहिलीच शिम परत घातली आणि पाना उतरवला. तिसऱ्या सिलिंडरचे चारही नट समोरासमोर, नियमाने आवळले. भिंग लावून काटा वाचला. एक पॉइंट पंधरा. त्याने एंजिनावर फडकं टाकलं, गेज खोक्यात ठेवलं आणि दाढी करायला गेला. गालावर दोनदा कापलं.

दहाला घड्याळजी आला. छबूने गेजचं खोकं त्याच्याच हातात दिलं.

"तुम्हीच बघा हो. काट्यांची सवय तुम्हाला."

घड्याळजीने गेज बसवलं, एंजिन सावकाश फिरवलं आणि वाकून बघितलं.

"एक पॉइंट छत्तीस."

"शक्यच नाही!" मिस्त्रीचा कप बशीत खडखडला. "मी सकाळीच–" आणि त्याने जीभ चावली.

"जरा तळवा टेकून बघा," छबू म्हणाली.

घड्याळजीने सिलिंडरवर तळवा दाबला. काटा घसरत पंधरावर आला. हात उचलला, परत वर गेला. त्याने हे तीनदा केलं, नवं खेळणं मिळाल्यासारखं. मग एका नटाला दोन बोटं लावली. नट भिंगरीसारखा फिरला.

घड्याळजीने आधी मिस्त्रीचे लाल झालेले कान बघितले. मग छबूच्या उजव्या अंगठ्यावरचं ताजं ग्रीस.

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन आठवडे माझे," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "आजचं माझं नाही."

"आजचं माझं," छबू म्हणाली.

"म्हणजे तुला जायचं नाही?" मिस्त्रीने विचारलं.

"लग्न यांच्याशीच करायचंय. जायचंय असं मी कधी म्हटलं? एक नेतो म्हणतो, एक सोडत नाही. मला विचारायला दोघांनाही सवड नाही."

घड्याळजी पालथ्या खोक्यावर बसला. हसू दाबताना त्याच्या मिशा हलत होत्या.

"माझं दुकान म्हणजे काय, एक टेबल नि एक दिवा. मिस्त्री, ती रस्त्याकडची खिडकी कुणाची?"

"तिथे जुनी गॅस्केटं असतात."

"त्यांना विचारा ना, जरा सरकतील का."

मिस्त्री उठला. गॅस्केटांना त्याने काही विचारलं नाही. दोन्ही हातांनी कवळा भरून ती उचलली आणि थेट भंगारात नेऊन टाकली.

पंधरा दिवसांनी एंजिन पहिल्याच किल्लीला बोललं, आणि गाडीने पहिली लांबची फेरी केली. ती नवरी न्यायला नाही, नवरा आणायला. मागच्या सीटवर सदतीस भिंतीवरची घड्याळं आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून मिस्त्री. वाटभर तो छबूशी भांडत होता आणि दर वळणावर कुठलं तरी घड्याळ बारा वाजवत होतं.

हिशोब मांडायचाच तर मिस्त्रीची एक खिडकी गेली. छबूचं काहीच गेलं नाही. किंमत मोजली ती घड्याळजीने: एकतीस वर्षांचं दुकान, पुलाखालची संध्याकाळची बैठक, नावाने हाक मारणारी अख्खी गल्ली. आणि एवढं सगळं देऊन आलेला तो माणूस गाडी चालवत शीळ घालत होता.