झाकण नसलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी सुतारपेटी आहे आणि मला झाकण नाही. पण माझी कीव करू नका. माझं झाकण चोराने नेलं नाही की वाळवीने खाल्लं नाही. ते माझ्या मालकाने स्वतःच्या हातांनी उपटलं, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

माझा जन्म कतारमधल्या अल रुवैस बंदरावरचा, साल १९७६. फलटणकडचा निवृत्ती सुतार तिथे लाकडी लाँचची डागडुजी करायचा. उरलेल्या सागाच्या फळीतून त्याने मला घडवलं. वरच्या कप्प्यात रंधा, पटाशी, करवत. खालच्या कप्प्यात खिळे. शेडमधले बाकीचे पाचही सुतार माझे सांधे बघायला यायचे, तेव्हा मी फुलून जायचे.

निवृत्ती गावाहून निघाला तेव्हा त्याची लेक अंजना आईच्या पोटात होती. आता ती दोन वर्षांची झाली होती आणि त्याने तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. १९७८च्या दसऱ्याआधी बेत ठरला. बहारीनला जाऊन एका लाँचचं काम आठ दिवसांत उरकायचं आणि तिथूनच विमानाने घरी जायचं. पासपोर्ट मात्र सगळ्यांसारखाच फोरमन बाजीरावच्या ताब्यात होता.

निघायचा दिवस नेमका खंडेनवमीचा. निवृत्तीने सकाळी मला हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी अवजारांना हात लावायचा नाही, हा सुतारांचा नेम. बाजीराव आपल्याकडचाच, त्याला तो पक्का ठाऊक. म्हणून तर त्याने तो दिवस धरला. सगळे जेवायला बसले असताना त्याने माझ्या खालच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेली दोन पिस्तुलं ठेवली. बिनपरवान्याची. बहारीनमध्ये कुणीतरी ती काढून घेणार होतं. वाटेत सापडली असती तर तुरुंगात निवृत्ती गेला असता, बाजीराव नव्हे. मला तोंड असतं तर मी अख्खं बंदर गोळा केलं असतं.

निवृत्तीने मला खांद्यावर घेतलं आणि तो जागीच थांबला. माझं वजन त्याच्या खांद्याला पाठ होतं. त्याने मला खाली ठेवलं, हात जोडले आणि नेम मोडून झाकण उघडलं.

"फोरमनसाहेब, हे कुणाचं?"

बाजीराव हसला. "अरे, आज शस्त्रपूजा. राहू दे तुझ्या पेटीत. पूजेची पेटी कोण उचकटतंय?"

"पूजा म्या माझ्या रंध्याची केलीय. ह्याला ना कागद, ना परवाना. माझ्या पेटीतनं हे दर्या ओलांडणार न्हाई."

"मग तूही ओलांडणार नाहीस. पासपोर्ट माझ्याकडे आहे. लीव्ह खलास."

निवृत्तीचा चेहरा पडला. खिशातला फोटो त्याने वरूनच चाचपला. मला वाटलं, झालं, आता हा नमणार. तसं वाटल्याची मला अजून लाज वाटते. त्याने ते पुडकं उचललं आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत बाजीरावच्या पिकअपच्या बॉनेटवर ठेवलं. मग हातोडीने माझ्या बिजागऱ्या उपटल्या. दुखलं, खोटं कशाला बोलू?

"आता घाला काय घालायचं ते," तो म्हणाला. "दिसंल जगाला."

लाँच त्याच्याविना गेली. बाजीरावने पुडकं शर्टाखाली कोंबलं. संध्याकाळी तो दुसरी पेटी शोधत शेडमध्ये आला, तर पाचही पेट्या उघड्या. पाच झाकणं भिंतीला टेकवलेली आणि पाच सुतार शेजारी चहा पीत बसलेले. त्याला बघून कुणी उठलं नाही.

निवृत्तीला घरी जायला आणखी चौदा महिने लागले. माझ्या झाकणाचा त्याने पाट केला होता. अंजना त्या पाटावर बसली, हात लांबवला आणि न विचारता माझ्यातली फूटपट्टी उचलली.

मित्रांनो, मला तेल लावा, कोरड्यात ठेवा, माझ्यावर धूळ बसू देऊ नका. म्हातारीचं एवढं ऐका. पण माझ्या काळजीपोटी कुणी नवं झाकण घेऊन येऊ नका. मी ते बसू देणार नाही.