आभाराची यादी

माझा कॉम्प्युटर सतरा वर्षांचा आहे आणि त्याला हसणाऱ्या माणसाला मी दुसऱ्यांदा चहा विचारत नाही. त्यात अजून विंडोज एक्सपी ही जुनी सिस्टीम आहे. आजचा कुठलाच ब्राउझर तिच्यावर धड चालत नाही. बँकेचं पान उघडत नाही, सरकारी तर विचारूच नका. पण जगात माझ्यासारखी खटपटी माणसं आहेत. त्यांनी एका नव्या ब्राउझरचं आतलं-बाहेरचं बदलून तो जुन्या सिस्टीमवर चालेल असा करून ठेवला आहे, आणि तोही फुकट. महिन्या-दोन महिन्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती येते, ती मी उतरवून घेतो. मग जी पानं काल तोंड फिरवत होती ती आज मुकाट्याने उघडतात.

मी सुधाकर. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं असिस्टंट होतो. दुरुस्त होणारी वस्तू फेकायची नाही ही सवय तिथली. मुलगा पंकज इंदूरहून फोनवर म्हणतो, "पप्पा, फेका ना यार ते डबडं, मी लॅपटॉप देतो." मी नको म्हणतो. सिंधीपुरा या आमच्या मोहल्ल्यातले अर्धे लोक फॉर्म भरायला माझ्याकडे येतात, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा माज होता.

त्या ब्राउझरच्या प्रत्येक आवृत्तीखाली एक आभाराची यादी असते. ज्यांनी ज्यांनी दोष शोधून कळवले त्यांची नावं आणि गावं. ब्राझीलचं कुणी, पोलंडचं कुणी. त्या यादीत मला बुऱ्हाणपूर पाहायचं होतं. दोनदा मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोष कळवले. पहिला त्यांना आधीच माहीत होता. दुसरा ब्राउझरचा नव्हताच, माझ्या माउसचा निघाला. बायको, मालती, अजून त्यावरून चिडवते.

तर या मालतीच्या बहिणीची मुलगी प्रतिभा. फोपनारला दिलेली. गावातल्या अंगणवाडीची बाई आजारी पडल्यापासून चार वर्षं सगळं काम हीच करत होती. पोरं गोळा करायची, वजनं घ्यायची, खिचडी शिजवायची, रजिस्टरं लिहायची. पगार नाही, नाव नाही. कधीतरी जागा निघेल या आशेवर. शेवटी ती बाई निवृत्त झाली आणि जागा निघाली. वयाची अट पस्तीस, आणि येत्या जानेवारीत प्रतिभाला पस्तीस पुरी होत होती. अशी जागा एका गावात वीस-पंचवीस वर्षांतून एकदा निघते. म्हणजे तिच्यासाठी हीच पहिली आणि हीच शेवटची.

फॉर्म ऑनलाइन होता. फोपनारला मोहित नावाच्या माणसाचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे, तो भरून द्यायला तयार होता. पण ती बसने माझ्याकडे आली. पिशवीत सगळे दाखले आणि वर केळ्यांची फणी.

"मोहितभाऊ म्हणत होते, मी भरून देतो. पण मले तुमचाच भरोसा हाय, मावसाजी," ती म्हणाली.

मी फुगलो. पोर्टल उघडायला वेळ लागला, पण उघडलं. दाखले एकेक करून चढवले. फोटो मोठा होता, तो लहान केला. प्रतिभा मागे उभी राहून माझ्याबरोबर प्रत्येक ओळ वाचत होती. शेवटी मी फायनल सबमिटचं बटण दाबलं. बटण करडं झालं, वर अर्जाचा नंबर दिसत होता. मी प्रिंट काढून तिच्या हातात दिली. "झालं. आता घरी जाऊन निवांत झोप," मी म्हटलं. मालतीने शिरा केला होता, तो खाऊन ती चारच्या बसने गेली.

शेवटच्या तारखेला दुपारी तिचा फोन आला.

"मावसाजी, मोबाइलवर मेसेज आला. आवेदन अपूर्ण है, असं लिवलं हाय. पाच वाजेपर्यंत म्हणे."

"अगं, असे मेसेज सगळ्यांना जातात. मशीन पाठवतं ते. तुझ्या प्रिंटवर नंबर आहे ना?"

"हाय ना."

"मग?"

ती भीत भीत म्हणाली, "मोहितभाऊ इथंच बसले हायत. ते म्हणतात पासवर्ड द्या, मी दोन मिनिटात पाहतो."

इथे माझं डोकं फिरलं. मी केलेलं काम तो दुकानदार तपासणार? मी म्हणालो, "पासवर्ड असा कुणालाही देत नसतात. आणि एवढा त्याच्यावर भरोसा होता तर माझ्याकडे कशाला आलीस?"

"तसं नाही, मावसाजी. तुमी म्हणता तर झालंच असंल."

तिने फोन ठेवला. तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी कॉम्प्युटर चालूसुद्धा केला नाही. माझा कॉम्प्युटर तिथेच समोर होता, दोन हातांवर. मी पेपर वाचत बसलो.

महिन्याभराने यादी लागली. निवड झालेल्यांत फोपनारपुढे विमल हे नाव होतं, गावात नुकतीच आलेली एक सून. नाकारलेल्यांची यादी मी पाहिली. तिच्यातही प्रतिभा नव्हती. हे मला कळेना, म्हणून मालतीच्या मोबाइलवर प्रतिभाच्या पासवर्डने आत शिरलो. अर्ज दिसला. सगळे दाखले जागेवर, फोटो जागेवर. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं की अर्ज जमा केलेला नाही.

नंतर शोधून काढलं काय झालं ते. बटण दाबल्यावर एक लहान खिडकी यायला हवी होती, नक्की जमा करायचा का असं विचारणारी. त्यात हो म्हटलं की अर्ज जाणार. माझ्या ब्राउझरमध्ये ती खिडकी आलीच नाही. बटण करडं होऊन बसलं आणि मी त्याला झालं समजलो. पण हा दोष ब्राउझरचा, इतकंच म्हणून मला सुटता येत नाही. तीन वीसला फोन आला होता. पाच वाजेपर्यंत वेळ होता. मोहितला दोन मिनिटं पुरली असती.

दुसऱ्या दिवशी मी फोपनारला गेलो. बसमध्ये मनात वाक्यं जुळवत होतो, एकही धड जमलं नाही. प्रतिभा अंगणवाडीतच होती. जमिनीवर रजिस्टरं पसरून शेजारी बसलेल्या एका लहानशा बाईला कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते दाखवत होती. ती विमल. मला पाहून प्रतिभा उठली आणि बाहेर आली.

मी म्हणालो, "प्रतिभा, तुझा अर्ज गेलाच नव्हता. चूक माझी आहे."

"मले माहीत हाय, मावसाजी."

"कधीपासून?"

"पाच वाजून गेल्यावर मोहितभाऊनी मेसेजमधल्या नंबरवर फोन लावून विचारलं होतं. तवाच समजलं."

"मग मला सांगितलं का नाहीस? महिना झाला."

"सांगून काय होणार होतं? तुमाले वाईट वाटलं असतं." तिने पदराने हात पुसले. "उन्हात आले तुमी. चहा ठेवते."

ती रडली असती, चार शब्द बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने चहा दिला, बिस्किटं दिली, मालतीमावशीच्या गुडघ्याची चौकशी केली. मी परत आलो आणि चार दिवस कॉम्प्युटरवरचं कापड काढलं नाही.

पाचव्या दिवशी काढलं. काही तरी करावं म्हणून त्या ब्राउझरवाल्यांना दोष लिहून कळवला. कोणतं पान, कोणतं बटण, काय व्हायला हवं होतं, काय झालं. लॅबमध्ये प्रयोगाची वही लिहायचो तसं. प्रतिभाबद्दल काही लिहिलं नाही. त्यांनी उलट दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. सुधारणांत पहिलीच ओळ होती: काही संकेतस्थळांवर खात्री विचारणारी खिडकी उघडत नव्हती, ती आता उघडते. खाली आभाराची यादी. तिच्यात शेवटचं नाव होतं, सुधाकर, बुऱ्हाणपूर.

मालतीने खांद्यावरून वाचलं. तिला वाटलं मला आनंद झाला असेल. तिने बहिणीला फोन करून सांगितलं, बहिणीने प्रतिभाला.

रविवारी प्रतिभा दारात उभी. बरोबर विमल, तिच्या हातात दाखल्यांची पिशवी. निवड झालेल्यांनी कागद पोर्टलवर चढवायचे होते, सोमवारी मुदत संपत होती.

"मोहितकडे जा ना," मी म्हणालो. "मी नाही करत आता ही कामं."

"मोहितभाऊ लग्नाला गेले. आन् मीच हिले म्हटलं, आमचे मावसाजी नीट भरतात." ती चप्पल काढून आत आली. "मावशीनं सांगितलं, तुमचं नाव आलं म्हणून. आता तर सुधारलं ना तुमचं?"

मी खुर्चीत बसलो. विमलचे दाखले एकेक चढवले. तिचं वय बावीस होतं. प्रतिभा मागे उभी राहून माझ्याबरोबर प्रत्येक ओळ वाचत होती, माझ्या चुका काढत होती, जन्मतारखेत एक आकडा मी चुकलो तो तिनेच दाखवला.

शेवटी मी फायनल सबमिट दाबलं. पानाच्या मधोमध एक पांढरी खिडकी उघडली. क्या आप वाकई जमा करना चाहते हैं? खाली दोन बटणं, हाँ आणि नहीं.

प्रतिभा वाकून पाहू लागली. खिडकीतला प्रश्न तिने सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

"मागच्या टाइमाले हे आलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं, आणि हाँ दाबलं.