न्या ओब्दुलियाच्या नावावर

नियम मीच लिहिले होते, चांगली अकरा पानं. आमच्या एन्कार्नासिओन शहराच्या विद्यापीठातल्या प्रत्येक कर्मचाऱ्यानं त्यावर सही केली आणि एकानंही ते वाचले नाहीत. पासवर्ड कुणाला देऊ नये, हे चौथ्या पानावर होतं. सहा वर्षं संगणक विभाग सांभाळणाऱ्या मला, झुनिल्दाला, त्या सह्यांचा केवढा अभिमान!

मग एका विद्यार्थ्याचे गुण बदलले गेले. पाचांपैकी एक गुण होता तिथं चार झाले, नापासाचा चक्क चांगला पास. नोंद परीक्षा कार्यालयातल्या ओब्दुलियाच्या नावावर. सगळे तिला मानानं न्या ओब्दुलिया म्हणतात. त्या वेळी ती दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण डीन डॉ. बेनितेसना त्याचं काय!

"पासवर्ड तिनंच वाटला ना? खाली सही आहे तिची. शुक्रवारी बैठक, मग तिनं घरी बसावं."

पेन्शनला आठ महिने उरले होते तिच्या.

मी तणतणत तिच्याकडे गेले. सकाळचे दहा, म्हणजे तेरेरेची वेळ. शिंगाचा एकच पेला, एकच नळी, त्यात बर्फाचं पाणी आणि माते नावाच्या झाडाचा पाला, आणि सगळं कार्यालय आळीपाळीनं ओढतंय. आमच्याकडे नाही म्हणणारा शिष्ट ठरतो.

"का दिलात पासवर्ड, न्या ओब्दुलिया?"

"अगं पोरी, मी दाताला गेले तर मुलांचे दाखले कोण काढणार? काम दुसऱ्याला सोपवायला तुझा अर्ज. तीन सह्या, नऊ दिवस. दात नऊ दिवस थांबतो होय?"

"पण नियम..."

"ओढ आधी. बर्फ वितळतोय."

मी एक घोट ओढला, आणि मला माझाच भयंकर राग आला. या बाईला नीट वागायचं असतं तरी मी तिच्यासाठी वाटच ठेवली नव्हती. तिला घरी बसवू द्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं.

चार दिवस तिच्या टेबलाशेजारी ठाण मांडलं आणि एक बटण बनवलं, 'काम सोपवा'. माणूस निवडायचा, दिवस निवडायचा. तो आपल्याच नावानं आत जाणार आणि संध्याकाळी परवानगी आपोआप संपणार. पहिल्या खेपेला मी सात प्रश्न घातले होते. तिच्या एका हातात पेला, दुसऱ्यानं ती वैतागून टकटक करत होती.

"हे कुणासाठी केलंयस, पोलिसांसाठी?"

सातांचे चार केले, चारांचे दोन. तेव्हा कुठे तिनं मान डोलावली.

शुक्रवारी मी बटण दाखवलं. डीन म्हणाले, "छान. हे पुढचं झालं. झाल्या गोष्टीचं काय? हिचा पासवर्ड आणखी कुणाकुणाकडे होता?"

सगळ्यांच्या माना खाली. रोज हिच्या पेल्यातून पिणारे लोक! मला चीड आली, आणि लगेच लाज वाटली. मार्चमध्ये माझं खातं अडकलं होतं, तेव्हा परीक्षेच्या याद्या मी कुणाच्या नावानं छापल्या होत्या?

मी हात वर केला. "माझ्याकडे होता. मी वापरलाय."

"तू? नियम लिहिणारी?"

"हो, डॉक्टर. काढायचंच असेल तर आधी मला काढा."

मागे एक खुर्ची सरकली. प्रवेश विभागाचा हात वर गेला, मग ग्रंथालयाचा. मी चौदा मोजले. शेवटी डीनची सेक्रेटरी निमिया उठली.

"डॉक्टर, तिचाच कशाला, तुमचाही आहे माझ्याकडे. तुमच्या मंजुऱ्या मीच तर पाठवते."

डीनचे कान लाल झाले. समोरचा तिच्या बडतर्फीचा कागद त्यांनी घडी घालून खिशात कोंबला. "आता इतक्यांतून कुणाला पकडायचं? गुण पूर्ववत करा. बटण सोमवारपासून सगळीकडे." आणि ते निघून गेले.

बाहेर मला वाटलं, न्या ओब्दुलिया आता मला मिठी मारणार. उलट तिनं मला विचारलं,

"चार दिवसांचं काम होतं हे?"

"हो."

"मग इतकी वर्षं आम्हाला चोर का ठरवलंस गं?"

सोमवारची वाट न बघता मी तशीच ग्रंथालयात गेले आणि पहिल्या टेबलावर विचारलं, "तुमचं काय अडतंय, सांगा."