टकीलाऐवजी लबान

नुपूरने ठरलेलं लग्न मोडल्याचा मेसेज केला तेव्हा कुशल साइटवर होता. कतारमधल्या अल खोरच्या नव्या स्टेडियमचं छत चढत होतं, वर्ल्ड कप जवळ येत होता आणि दिवसभर मेलांना उत्तरं देऊन त्याच्या बोटांना एकच वळण लागलं होतं. त्याने लिहिलं, 'नोटेड, थँक्स.' पाठवल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण तेवढ्यात क्रेनवाल्याचा फोन आला. आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव या शूरवीराने असा पोचपावती देऊन स्वीकारला.

पुढे तो स्वतःला समंजस म्हणवून घेऊ लागला. नाशिकला आईलाही 'दोघांनी मिळून ठरवलं' असं ठोकून दिलं.

त्याला बिघडवलं शेजारच्या खोलीतल्या एवरार्दोने. हा मेक्सिकोचा सर्व्हेअर. शुक्रवारी दुपारी दोघं गाडी काढून समुद्रावर जात, आणि एवरार्दो आपल्याकडची गाणी लावून इंग्रजीत अर्थ सांगे. अर्थ थोड्याफार फरकाने एकच: बाई सोडून गेली, बाप्या गुत्त्यात जाऊन बसला, वाजवणाऱ्यांना म्हणाला थांबू नका, आणि टकीला ढोसत सगळ्यांदेखत भोकाड पसरलं.

"अरे, पण तिच्याशी जाऊन कुणी बोलत का नाही?" कुशलने विचारलं.

"मग गाणं एका मिनिटात संपेल, अमिगो."

कुशलला वाटलं, आपणही एकदा रीतसर दुःख करावं. पण इथे बाटली घ्यायची तर परमिट हवं, परमिटला ऑफिसचं पत्र हवं, आणि पत्रासाठी एचआरमधल्या सुचित्राताईंपुढे उभं राहायला हवं. त्या मराठी मंडळाच्याही सेक्रेटरी. बेत तिथेच खलास. शेवटी त्याने दुकानातून लबानची बाटली आणली, म्हणजे आपलं ताकच. वाइनसाठी नावाजलेल्या गावचा हा गडी शुक्रवारी एवरार्दोशेजारी गाडीत बसून, त्याची गाणी लावून, डोळे मिटून, ताकाचे घोट घेत रडू यायची वाट बघत राहिला. ढेकर आला.

एवरार्दो हसून हसून बेजार झाला. मग डोळे पुसत म्हणाला, "मी माझ्या बाईसाठी वर्षभर गात बसलो. फोन मात्र एकदाही केला नाही. तू तरी कर."

कुशलने फोन लावला आणि नुपूरने उचलताच एका दमात बोलून टाकलं, "मी तेव्हा मूर्खासारखं लिहिलं. मला तू हवी होतीस. अजून हवी आहेस. फार त्रास होतोय गं."

"कुशल, तू प्यायलायस?"

"हो. ताक."

ती खळखळून हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज भरून आला. "हे तेव्हा का नाही बोललास रे? दिवसभर फोन हातात धरून बसले होते मी. गेल्या रविवारी माझा साखरपुडा झाला."

सवयीने तो 'अभिनंदन' म्हणायला गेला, पण 'अभि'च्या पुढे गेलाच नाही. मग हुंदका आला, आणि त्यामागून सगळंच आलं. एवरार्दोने हळूच गाणं बंद केलं. उद्या कुणाला नशेत होतो म्हणून सांगायचीही सोय नव्हती. पलीकडे नुपूरने फोन ठेवला नव्हता, आणि कुशल भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, तिला ऐकू जाईल असा रडत होता.